सावित्रीपर्यंत उतरून नीरेकाठी परत

पहिला दिवस, सोमवार : पुणे, बोपदेव घाट, सासवड, नारायणपूर, भोर (सुमारे ७० किमी)

पहाटे सव्वापाचला कोंढव्याच्या चौकात भाची माझ्या आधीच येऊन उभी होती. हेल्मेटखाली कानटोपी, हातात मोजे आणि सायकलच्या मागच्या पिशवीत वहिनीने भरून दिलेले बेसनाचे लाडू. डिसेंबरचा दुसरा आठवडा. बोटांची टोकं गारठली होती, पण चढ लागला की दहा मिनिटांत जाकीट काढावं लागतं हे ठाऊक असल्यामुळे मी ते घातलंच नव्हतं.

हा प्रवास ठरला तो तिच्या एका वाक्यामुळे. "आत्या, मला सायकलने घाट उतरून कोकणात जायचंय आणि सायकलनेच परत वर यायचंय." पुण्याहून सायकलने कोकणात उतरणारे पुष्कळ आहेत. येताना मात्र बरेच जण सायकल टेम्पोत टाकतात. मीही दोनदा तसंच केलं आहे, आणि दोन्ही वेळा काहीतरी अर्धवट राहिल्याची रुखरुख घरापर्यंत सोबत आली. त्यामुळे तिने असं म्हणताच मी नकाशा काढून बसले. जाताना मांढरदेव, पसरणी, आंबेनळी, येताना वरंधा. शनिवार-रविवार मुद्दाम टाळले, कारण सुट्टीच्या दिवशी महाबळेश्वरच्या वाटेवर सायकलवाल्याला रस्त्याची कडसुद्धा मिळत नाही. निघायच्या आदल्या रात्री माझ्या आईने, म्हणजे तिच्या आजीने, एक छोटी बाटली हातात ठेवली आणि क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेचं पाणी आणायला सांगितलं.

बोपदेव घाट लहान आहे, पण अंगावर येतो. आमच्या दोन्ही सायकलींना पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठीही ३४ दातांचीच. या गिअरवर पॅडलची एक फेरी म्हणजे चाकाची बरोबर एक फेरी, सायकल दोन मीटरच्या किंचित पुढे. मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या मारल्या तर ताशी आठ-नऊ किलोमीटर पडतात. सपाटीवर सवय झालेल्या माणसाला हा वेग खटकतो. भाची पहिल्या वळणावर उभी राहून जोर लावू लागली, तेव्हा मी तिला हाक मारून बसायला लावलं. बोलता येईल इतकाच दम लागू द्यायचा, शब्द तुटायला लागले की गिअर हलका करायचा, आणि हलका गिअर उरलाच नाही तर वेग सोडून द्यायचा. घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा मागे पुण्याचे दिवे अजून विझले नव्हते.

सासवडला मिसळ खाल्ली आणि कऱ्हेच्या पुलावर जरा थांबलो. पात्रात पाण्याची बारीक धार होती. भाचीने विचारलं, "हे पाणी कुठे जातं?"

"नीरेत. नीरा भीमेला मिळते नरसिंगपूरला, आणि भीमा कृष्णेला, पार रायचूरकडे."

"म्हणजे उद्या आपण वाईला ज्या नदीकाठी असू तीच ही?"

तीच, पण त्यांची गाठ पडायला कर्नाटक गाठावं लागतं. त्यानंतरचे चार दिवस प्रत्येक ओढ्यावर, प्रत्येक मोरीवर ती हाच प्रश्न विचारत राहिली. मोटारीतून जाताना तो मला कधी सुचला नव्हता. सायकलवर उतार आणि चढ मांड्यांना कळतात, त्यामुळे पाणी कुठून कुठे जातं हेही अंगाने कळायला लागतं.

नारायणपूरच्या वाटेवर उजव्या अंगाला... नाही, वळणं इतकी आहेत की पुरंदर किल्ला कधी डावीकडे दिसतो, कधी समोर येऊन उभा राहतो. रस्त्याकडेला खट्टा बहाराची अंजिरं विकायला बसलेल्या बाईंनी आम्हाला पाव किलो मोजून दिली आणि वर दोन जास्तीची घातली. "सायकलवर निघालाय, खा पोरींनो." मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. पोरी म्हणवून घेतलं आणि खाल्ली.

चिव्हेवाडीचा घाट उतरून केतकावळ्यावरून कापूरहोळला आलो, आणि हमरस्त्याच्या कडेला माझं मागचं चाक बसलं. अशा पंक्चरला सायकलवाले ओळखतात. ट्रकचे फुटलेले टायर महामार्गाच्या कडेला विखुरलेले असतात आणि त्यांतल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे टायरमध्ये घुसतात. नवी ट्यूब घातली आणि तार तशीच राहिली तर दहा मिनिटांत चाक पुन्हा बसतं. म्हणून टायर उलटा करून आतून कापसाचा बोळा फिरवायचा. जिथे कापूस अडकेल तिथे तार. बोटाने चाचपडलं तर बोट कापतं. भाचीने बोळा फिरवला, तार सापडली, चिमट्याने ओढून तिने ती तळहातावर ठेवली. नखाच्या निम्म्या लांबीची होती.

इंगवलीपाशी नीरा गळ्यातल्या हारासारखं वळण घेते, लोक तिथे फोटो काढायला थांबतात. आम्हीही थांबलो. भोरला पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. राजवाडा बाहेरून बघितला, लवकर जेवलो, नऊला झोपलो.

दुसरा दिवस, मंगळवार : भोर, आंबवडे, मांढरदेव, वाई, पाचगणी (सुमारे ६० किमी)

अंतर कमी, चढ मात्र सबंध प्रवासातला सर्वांत कठीण. सकाळी सातला भोरच्या बाहेर पडलो तेव्हा खाचरांवर धुकं होतं. भात कापून झालेला, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, आणि एका खळ्यावर मळणी यंत्राचा आवाज. कापलेल्या भाताच्या शेताचा ओलसर, गोडसर वास थंडीत खूप लांबवर येतो. काचा लावलेल्या गाडीत तो येत नाही.

आंबवड्याला नागेश्वराचं जुनं देऊळ आहे आणि तिथला झुलता पूल भोर संस्थानच्या काळातला. पुलावर उभं राहून केळी खाल्ली, कारण पुढे काही मिळणार नव्हतं. मग चढ सुरू झाला.

मांढरदेवचा घाट भोरच्या बाजूने फार लोक सायकलने चढत नाहीत. काही वळणं अशी आहेत की आतल्या बाजूने गेलं तर पुढचं चाक उचललं जातं. तिथे वळणाच्या बाहेरच्या बाजूने, म्हणजे जिथे चढ किंचित पसरलेला असतो तिथून, जायचं. अर्थात समोरून गाडी येत नाही ना याचा आवाज ऐकून. त्यात मंगळवार. काळूबाईचा वार. टेम्पो, जीपगाड्या, मोटारसायकली, आणि प्रत्येक गाडीतून "काळूबाईच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी. आम्हाला बघून ती आरोळी दुप्पट व्हायची. चौथ्या-पाचव्या टेम्पोनंतर भाचीनेही दम लागलेला असताना उलट "चांगभलं" म्हटलं, आणि टेम्पोतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

एका वळणावर अनवाणी चालणाऱ्या मावशी भेटल्या. साठीच्या पुढच्या. भोरकडच्या एका वाडीतून पहाटे निघाल्या होत्या, नवस फेडायला. आम्ही त्यांच्या पुढे जायचो, पाणी प्यायला थांबायचो, तेवढ्यात त्या आम्हाला गाठायच्या. असं तीन वेळा झालं. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या सायकलीला आन् माझ्या पायाला सारखाच येळ लागतोय की." मला ते फार आवडलं. आम्ही उतरलो आणि पाऊण किलोमीटर त्यांच्यासोबत चालत गेलो. वहिनीच्या लाडवांतले दोन त्यांना दिले. एक त्यांनी देवीसाठी पदरात बांधला.

मंदिर मुख्य रस्त्यापासून आत, डोंगरमाथ्यावर, सुमारे ४,६५० फुटांवर आहे. २५ जानेवारी २००५ ला यात्रेच्या दिवशी इथे चेंगराचेंगरी झाली आणि जवळपास तीनशे माणसं गेली. तेव्हा मी कॉलेज संपवून नुकती नोकरीला लागले होते, वर्तमानपत्रातले ते फोटो अजून आठवतात. आम्ही फाट्यावरूनच हात जोडले.

खिंडीत उभं राहिलं की मागे नीरेचं खोरं आणि पुढे कृष्णेचं. आपण ज्यावर उभे असतो ती धार दोन्ही पाणी वेगळं करते. भाचीने बाटलीतलं थोडं पाणी रस्त्यावर ओतून बघितलं. डांबरावर ते काही क्षण थांबलं आणि वाईच्या बाजूला वळलं. ती एवढी खूश झाली की पुढचा सगळा उतार तिने गात घालवला.

उतरताना पांडवगड, त्याखाली ऊस आणि हळदीची पिवळी पडू लागलेली पानं, आणि मधोमध वाई. दुपारी कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीच्या सावलीत बसलो. १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ. मागची भिंत माशाच्या आकाराची, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. नदीकाठी बांधताना नदीचा विचार आधी केलेला असला की दगडाला ही अशी ऐट येते. वाई हे मराठी विश्वकोशाचंही गाव, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं. भाचीला हे माहीत नव्हतं, म्हणून जेवताना मी तेच बोलत राहिले, भाकरी गार झाली.

पसरणी घाट आम्ही साडेतीनला धरला. मांढरदेवनंतर तो मायाळू वाटतो. सुमारे बारा किलोमीटर, सरासरी चढ साडेचार-पाच टक्क्यांच्या आसपास, एकसारखा. एकदा गिअर लागला की तोच शेवटपर्यंत. पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. घाटात वर चढत जाल तसतसं धोम धरणाचं पाणी उघडत जातं, आधी एक तुकडा, मग बोट, मग कमळगडाच्या पायाशी शिरलेला सगळा जलाशय. अशा घाटात थांबून बघण्यापेक्षा चढता चढता बघणं मला जास्त आवडतं, कारण प्रत्येक वळणाला तेच दृश्य थोडं वरून दिसतं आणि आपण किती चढलो ते कळतं. पाचगणीच्या शाळांचे दिवे लागताना पोचलो. हवा एकदम बदलली. मोजे घातले तरी पाय गरम व्हायला तास गेला.

तिसरा दिवस, बुधवार : पाचगणी, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड (सुमारे ९० किमी)

पाचगणी ते महाबळेश्वर वीस किलोमीटर, दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीचे वाफे. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, त्यांतून डोकावणारी पानं आणि पहाटेचं दव. वाटेत भिलारचा फाटा लागतो, २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव. यावेळी तिकडे वळायला सवड नव्हती, हे मनाला लागलं. स्ट्रॉबेरीची एक पेटी घेतली आणि हँडलच्या पिशवीत ठेवली. दहा किलोमीटरमध्ये ती संपली.

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या नद्यांचे प्रवाह दगडी चिऱ्यांमागून येतात आणि गोमुखातून एकत्र कुंडात पडतात. आत गारवा आणि ओलसर अंधार, पायाखाली गुळगुळीत फरशी. भाचीने आजीची बाटली गोमुखाखाली धरली. धार मनगटाएवढी होती, बाटली भरायला पाच सेकंद पुरले. झाकण लावताना ती म्हणाली, "यातली कृष्णा बंगालच्या उपसागरात जाणार आणि सावित्री अरबी समुद्रात. एकाच नळातून." नळ हा शब्द पुजाऱ्यांना आवडला नसावा, पण ते हसले. कृष्णेपुढे सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास. सावित्रीला समुद्र गाठायला त्याचा दहावा हिस्साही लागत नाही. कोकणचा कडा इतका उभा आहे.

आता तो कडा उतरायचा होता. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर, महाड जवळजवळ समुद्राच्या पातळीला. मेटतळ्यापर्यंत झाडी दाट, ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, रस्ता दमट. तिथे भाचीच्या मागच्या ब्रेकचा आवाज सुरू झाला, पाटीवर खडू ओढावा तसा. मी हात वर करून थांबवलं.

तिच्या सायकलला जुन्या पद्धतीचे, रिमवर दाबणारे ब्रेक आहेत. निघण्याआधी एका दुकानात सर्व्हिसिंग केलं होतं आणि बिलात ब्रेकची नवी रबरं लावल्याचं लिहिलं होतं. मी चाक काढून बघितलं, तर रबरावरच्या खाचा पुसून गेलेल्या, पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत, आणि त्यात रिमच्या ॲल्युमिनियमचे चंदेरी कण रुतलेले. मागची दोन्ही रबरं जुनीच होती. मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. जिथे मूल दिसेनासं होईल इतकी खोल दरी आहे, तिथे कुणीतरी पाचशे रुपयांसाठी खोटं लिहिलं होतं. निघताना मीही तपासायला हवं होतं. यापुढे दुसऱ्याने केलेलं काम घाटात जाण्यापूर्वी मी स्वतःच्या डोळ्यांनी बघणार.

रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून आम्ही कामाला लागलो. सेफ्टी पिनेने एकेक चंदेरी कण उकरून काढला. पंक्चरच्या डबीतल्या पॉलिश पेपरने रबराचा चकचकीत थर घासला, खालून काळं, मऊ रबर वर येईपर्यंत. रिम पाण्याने धुऊन फडक्याने पुसली. केबलचा गोल स्क्रू दोन फेरे सोडून ती ताणली. चाळीस मिनिटं गेली. मग ठरवलं की दर दोन-तीन किलोमीटरला थांबायचं, रिमला बोट लावायचं, आणि चटका बसला तर निवेपर्यंत बसून राहायचं. उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की रिम तापते, रबर पुन्हा चकाकतं आणि आतली ट्यूब फुटू शकते. त्यामुळे वळणाआधी जोरात पण थोडाच वेळ दाबायचा, वळणात सोडायचा, आलटून पालटून पुढचा-मागचा. भाची हे सगळं पहिल्यांदा इतक्या शांतपणे ऐकत होती.

कुंभरोशीपर्यंत उतार, पण ते पाणी अजून कोयनेचं. प्रतापगडाचा फाटा तिथेच लागतो. १० नोव्हेंबर १६५९ ची ती भेट याच डोंगराच्या पायथ्याशी झाली. गडाकडे बघितलं की आक्रमण करणाऱ्या फौजेची काय गत झाली असेल ते सायकलवाल्याला लगेच कळतं. हत्ती, उंट, तोफा घेऊन या जावळीत उतरणं म्हणजे काय! थोडा चढ चढून खिंड ओलांडली आणि समोर कोकण उघडलं. धुरकट निळ्या रांगांमागे रांगा, आणि गरम वारा खालून तोंडावर.

आंबेनळीचा खरा उतार इथून. दाभिळ टोकापाशी आम्ही बोललो नाही. २८ जुलै २०१८ ला इथे बस दरीत कोसळली, तीस जण गेले. तिथून पुढे दरडींच्या खुणा दिसत राहतात, नव्या बांधलेल्या भिंती, तारेच्या जाळ्या, ताज्या मुरमाचे तांबडे ओरखडे. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तो सगळा याच कड्यावरून खाली आला. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. दोन दिवस आम्ही पाणी कुठे जातं असं गंमतीने विचारत होतो. इथे उतरताना भाचीने तो प्रश्न विचारला नाही.

चौदा वेळा थांबलो. बाराव्यांदा रिम गारच होती, तरी थांबलो. पोलादपूरला पोचलो तेव्हा पाच वाजत आलेले, जाकिटं, बाह्या, मोजे सगळं पिशवीत, घामाने अंग चिकट. वर सकाळी दात वाजत होते हे खरं वाटेना. पुढे मुंबई-गोवा महामार्गाने महाड. सावित्री सोबत होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या त्यात गेल्या. आता नवा रुंद पूल आहे. अवजड वाहनं फार, त्यामुळे कडेने एकामागे एक, मागचे दिवे लावून गेलो.

महाडला सायकलच्या एका जुन्या दुकानात काकांनी मागची रबरं बदलून दिली. जोडीचे साठ रुपये घेतले, मजुरी घेतली नाही. ब्रेक त्यांनी स्वतः सायकल चालवून बघितला, मगच हातात दिली.

चौथा दिवस, गुरुवार : महाड, बिरवाडी, वरंधा घाट, भोर (सुमारे ८० किमी)

सहा वाजता चवदार तळ्यावर गेलो. चारी बाजूंनी बांधलेलं तळं, मधे बाबासाहेबांचा पुतळा, पाण्यावर पहाटेचा करडा उजेड. एक आजोबा पायरीवर बसून होते, बाकी कुणी नाही. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं, तरी पाण्याला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह चालत इथे आले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायलं. त्यानंतर मारहाण झाली, पुढे तळं शेण-गोमूत्र टाकून "शुद्ध" करण्यात आलं, खटला उभा राहिला, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं, एका ओंजळीसाठी.

भाची खालच्या पायरीवर उतरून पाण्यात हात बुडवून बसली. बराच वेळ. मी काही बोलले नाही. निघताना आजोबांनी विचारलं, "कुठून आलात?" पुण्याहून सायकलने म्हटल्यावर ते उठून उभे राहिले आणि आम्हाला "जय भीम" म्हणाले. आम्हीही म्हटलं.

बिरवाडीवरून वरंध, आणि तिथून माझेरी. सकाळी साडेआठलाच ऊन तापलेलं. कोकणातून घाट चढण्यात अवघड गोष्ट चढ नसते, दमट हवा असते. घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही. त्यामुळे तासाला एक बाटली पाणी, त्यात मीठ-साखर-लिंबू, आणि तहान लागायची वाट बघायची नाही. माझेरीला एका घरी बाटल्या भरून घेतल्या. तिथल्या काकूंनी कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी समोर ठेवली, पैसे विचारले तर रागावल्या. "पावण्याकडनं पैसं घेत्यात व्हय?"

वरंध्याचा चढ वळसे घेत घेत जातो. बाजूला सरळ कातळकडे, आणि पावसाळ्यात जिथून धबधबे कोसळतात तिथे आता काळ्या ओल्या रेघा. या घाटाने मला पूर्वी एकदा हरवलं होतं, तेव्हा निम्म्यावरून टेम्पो घेतला होता. ते वळण आलं. कठड्याजवळ एक वाकलेला करवंदीचा जाळीवजा गुंता आहे, तिथे मी त्यावेळी सायकल टेकवली होती. भाचीला सांगितलं नाही. तिथून पुढचं प्रत्येक वळण माझ्यासाठी नवं होतं, आणि प्रत्येक वळणावर घसा दाटून येत होता. दमाने नव्हे.

वाघजाईच्या देवळाशी माकडांच्या टोळीने स्वागत केलं. टपऱ्यांवर कांदाभजी तळली जात होती. दोन प्लेट भजी, दोन चहा, पुन्हा दोन प्लेट भजी. देवळासमोरून खाली शिवथरघळीचं खोरं दिसतं, आणि आपण आलो तो रस्ता, दोऱ्याचं रीळ सांडावं तसा. घाटाचा रस्ता काढताना कावळ्या किल्ला मधोमध कापला गेला. कातळात खोदलेली नऊ टाकी मात्र अजून आहेत. घाटरस्ता राखणाऱ्यांना आणि ओलांडणाऱ्यांना डोंगराच्या अगदी माथ्यावर पिण्याचं पाणी लागतं, हे ती खोदणाऱ्याला नेमकं माहीत होतं.

खिंड ओलांडली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. भाचीने सायकल आडवी ठेवली आणि रस्त्यातच मांडी घालून बसली. "आत्या, आलो वर." एवढंच म्हणाली. वारा गार झाला होता. मागच्या बाजूचं सगळं पाणी सावित्रीला, पुढचं सगळं नीरेला. नीरा याच परिसरात उगम पावते. शिरगाव-हिर्डोशीच्या अंगाने उतरताना आधी एक ओहोळ, मग मोरीखालचा ओढा, मग देवघर धरणाचं निळं पाणी पंधरा-वीस किलोमीटर डाव्या-उजव्या हाताला लपंडाव खेळत राहतं. रस्ता काही ठिकाणी उखडलेला, खडी सुटी. बत्तीस मिलिमीटरचे टायर घेऊन आल्याचं समाधान वाटलं. बारीक टायर असते तर इथे रांगत यावं लागलं असतं.

संध्याकाळी साडेपाचला भोरच्या नीरेच्या पुलावर. सोमवारी इथेच थांबलो होतो.

पाचवा दिवस, शुक्रवार : भोर, कात्रजचा जुना घाट, पुणे (सुमारे ५५ किमी)

महामार्गाचा कंटाळवाणा भाग, मग कात्रजचा जुना बोगदा, मग शहराची गर्दी. लिहिण्यासारखं फारसं नाही. साडेअकराला घरी.

आई दारातच होती. भाचीने पिशवीच्या तळातून बाटली काढली. दोन दिवस कपड्यांत गुंडाळून ठेवलेली, कड्यावरून उतरलेली आणि पुन्हा वर चढलेली. आईने अर्धं पाणी तुळशीला घातलं, अर्धं देव्हाऱ्यातल्या तांब्यात ओतायच्या आधी बाटली नाकाशी नेऊन वास घेतला. मग चष्मा वर करत विचारलं, "यात सावित्रीचं कुठलं गं?"

भाची तिच्याजवळ पाटावर बसली आणि बोटाने फरशीवर डोंगर काढायला लागली.